तूर द फ्रान्स २०२४चा मार्ग : शेवटच्या रविवारसाठी राखून ठेवलेली शर्यत

२९ जून ते २१ जुलै २०२४ या काळात झालेल्या तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा मार्ग २१ टप्प्यांचा, ३,४९८ किलोमीटरांचा आणि एकूण ५२ हजार मीटरांहून अधिक चढाईचा होता. हे टप्पे मी पुण्यात बसून पाहिले. फ्रान्समध्ये संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास संपणारा टप्पा आपल्याकडे रात्री नऊला संपतो, त्यामुळे तीन आठवडे आमच्या घरी जेवणाची वेळ घाटमाथ्यावर अवलंबून होती. शर्यत तादेई पोगाचारने जिंकली, आणि त्याच्याविषयी भरपूर लिहून झालेले आहे. हे परीक्षण मार्गाचे आहे, म्हणजे संचालक क्रिस्तियां प्रुदोम आणि प्रत्यक्ष रस्ते धुंडाळणारे माजी सायकलपटू तिएरी गुव्हनू यांच्या कामाचे. त्या वर्षीची आखणी धाडसी होती आणि तिच्यातले काही टप्पे मी अजूनही पुन्हा लावून पाहतो. पण चुरस शेवटच्या दिवसापर्यंत टिकवण्याचा जो मुख्य हेतू होता, तो नेमका फसला, आणि त्याचा दोष केवळ पोगाचारच्या पायांवर ढकलता येणार नाही.

मार्गाचा शेवट आधी ठरला आणि बाकीचे सगळे त्याच्या मागून आले, हे नकाशा पाहताच कळते. पॅरिसमध्ये २६ जुलैपासून ऑलिंपिक सुरू होणार असल्यामुळे तूरच्या इतिहासात प्रथमच शर्यतीचा शेवट राजधानीच्या परिसराबाहेर, नीसला न्यावा लागला. नीसच्या डोक्यावरच आल्प्स उभे असल्यामुळे नेहमीचा मिरवणुकीसारखा शेवटचा टप्पा रद्द झाला आणि त्याच्या जागी मोनॅको ते नीस अशी ३३.७ किलोमीटरांची टाइम ट्रायल, म्हणजे प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध मारायचा टप्पा, आली. तूरचा शेवट याआधी टाइम ट्रायलने झाला होता तो १९८९ साली, जेव्हा ग्रेग लेमाँने लोराँ फिन्योंला अवघ्या ८ सेकंदांनी हरवले. ती आठवण आखणाऱ्यांच्या डोक्यात होती, यात शंका नाही.

सुरुवात इटलीतून झाली, तीही तूरच्या इतिहासात पहिल्यांदाच, आणि ती उत्तम होती. फ्लोरेन्स ते रिमिनी हा पहिलाच टप्पा २०६ किलोमीटरांचा आणि सुमारे ३,६०० मीटर चढाईचा ठेवला होता. एकूण वेळेत पहिला असणाऱ्याची पिवळी जर्सी पहिल्याच दिवशी स्प्रिंटरांना, म्हणजे सपाट रस्त्यावरच्या शेवटच्या धडकेत जिंकणाऱ्यांना, बहाल करणारा हा टप्पा नव्हता. दुसऱ्या दिवशी बोलोन्यात सान लुकाचा १.९ किलोमीटरांचा, सरासरी १०.६ टक्क्यांचा चढ दोनदा होता. सिंहगडावर रविवारी सकाळी सायकल चढवणाऱ्यांना शेवटच्या वळणांची धाप आठवत असेल, तर सान लुकाचा अंदाज येईल. चौथ्याच दिवशी मात्र गालिबिए आला. हा घाट २,६४२ मीटरांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ हजार मीटर उंच. पोगाचारने माथ्याजवळ हल्ला केला, वालवारपर्यंतच्या उतारावर अंतर वाढवले आणि त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी योनास विंगेगोर ५० सेकंदांनी मागे पडला. एप्रिलमधल्या अपघातात विंगेगोरचे गळपट्टीचे हाड मोडले होते आणि फुप्फुसाला इजा झाली होती. ज्याला लय सापडायला एक आठवडा हवा होता, त्याला आखणीने तीन दिवस दिले. हे मुद्दाम कोणी केले असे मी म्हणत नाही, कारण मार्ग अपघाताच्या कितीतरी आधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झाला होता. पण एवढा मोठा घाट इतक्या लवकर घातला की पुढच्या सपाट दिवसांचे वजन कमी होते. आमच्या गटाच्या दोन दिवसांच्या फेरीत मी एकदा पहिल्याच सकाळी मोठा घाट घातला होता. दुसऱ्या दिवशी निम्मी मंडळी टेम्पोत बसून आली, आणि त्यानंतर आखणीचे काम माझ्याकडे कुणी दिले नाही.

त्र्वाच्या नवव्या टप्प्याबद्दल मतभेद झाले. १९९ किलोमीटरांमध्ये पांढऱ्या खडीच्या कच्च्या रस्त्याचे १४ तुकडे, मिळून ३२ किलोमीटर. पंक्चरवर तूर हरणे अन्यायाचे आहे, ही काही संघांची तक्रार होती आणि ती अगदीच पोकळ नव्हती. प्रत्यक्षात मुख्य दावेदारांमध्ये एका सेकंदाचाही फरक पडला नाही, आणि तरीही दिवसभर नजर हटवता आली नाही. विंगेगोरची सायकल बिघडली तेव्हा त्याने संघातल्या यान त्रात्निकची सायकल घेतली आणि परक्या मापाच्या त्या सायकलवर उरलेला टप्पा पोगाचारच्या मागच्या चाकाला चिकटून काढला. संघगाडी धुळीच्या रांगेत कुठेतरी मागे अडकलेली, रस्ता एका बैलगाडीच्या रुंदीचा, आणि मदतीला फक्त सोबतचा सहकारी: आखणाऱ्याने परिस्थिती तयार करून द्यायची आणि पुढचे खेळाडूंवर सोडायचे, हे इथे जमले होते.

या मार्गातले सर्वोत्तम काम मात्र अकरावा टप्पा, एव्हो-ले-बँ ते ल लिओराँ. मासिफ सांत्राल म्हणजे मध्य फ्रान्सचा जुना, झिजलेला ज्वालामुखी प्रदेश. तिथे दोन हजार मीटरांचे घाट नाहीत, आणि म्हणूनच आखणाऱ्याला डोके चालवावे लागले. २११ किलोमीटरांपैकी जवळपास सगळी धार शेवटच्या ५० किलोमीटरांत एकवटली होती. तिथे नेरोन, मग पुय मारीची ५.४ किलोमीटरांची, सरासरी ८.१ टक्क्यांची चढण, लगेच उतार, पुढे पेर्तुसचा ४.४ किलोमीटरांचा चढ, पुन्हा उतार, आणि शेवटी फाँ द सेरचा छोटा चढ. एकाही चढाची लांबी अशी नाही की सर्वांत ताकदवान माणूस सगळ्यांना कायमचे मागे टाकेल. एकही उतार असा नाही की मागच्याला निवांत श्वास घेता येईल. पोगाचारने पुय मारीवर, शेवट ३१ किलोमीटरांवर असताना हल्ला केला आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास आघाडी मिळवली. पूर्वीच्या अनुभवावरून मी तेव्हाच ताट उचलून आत ठेवायला गेलो. परत येऊन पाहतो तर पेर्तुसवर विंगेगोर त्याच्यापर्यंत पोहोचला होता, आणि शेवटी दोघांच्या स्प्रिंटमध्ये तो जिंकलाही. बोनस सेकंदांचा (ठरावीक माथ्यांवर आणि शेवटाला पुढे असणाऱ्यांच्या वेळेतून वजा होणाऱ्या सेकंदांचा) हिशेब लावला तर २११ किलोमीटरांनंतर दोघांमधला फरक १ मिनिट १५ सेकंदांवरून १ मिनिट १४ सेकंदांवर आला, म्हणजे बदल फक्त एका सेकंदाचा. तरीही पूर्ण तूरमध्ये त्याहून चांगली लढत झाली नाही.

त्यानंतर पिरेनीज पर्वत आले आणि मार्ग आपल्या जुन्या सवयीवर गेला. प्ला दादे आणि प्लातो द बेय या सलग दोन दिवसांच्या माथ्यावरच्या शेवटांनी तो फरक १ मिनिट ५७ आणि मग ३ मिनिटे ९ सेकंदांवर नेला. बेयचा चढ १५.८ किलोमीटरांचा आणि जवळजवळ आठ टक्क्यांचा; त्यावर डावपेचाला जागा फार थोडी असते, माणसाचे वजन आणि ताकद यांचे गणित तेवढे उरते. पोगाचारने १९९८ सालचा मार्को पांतानीचा वेळ तीन मिनिटांहून अधिक फरकाने मोडला, हे थक्क करणारे होते, पण तो विक्रम होता, लढत नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात आखणाऱ्यांनी हाच उपाय पुन्हा वापरला. २,८०२ मीटरांवरचा बोनेतचा रस्ता पाहायला अप्रतिम होता, पण त्याच्यानंतर इझोला २००० ची १६ किलोमीटरांची चढण असल्यामुळे दावेदारांपैकी कुणी बोनेतवर हल्ला करण्याचा वेडेपणा केला नाही. पोगाचारने स्पर्धेपूर्वीचे उंचीवरचे शिबिर इझोलालाच घेतले होते आणि तो रस्ता त्याला पाठ होता. एका रात्रीनंतर कुयोलच्या माथ्यावर विसावा टप्पा संपला, आणि अंतर ५ मिनिटे १४ सेकंद झाले. स्की केंद्रांवरच टप्पे का संपतात याचे कारण मला कळते: दूरदर्शनच्या गाड्या, संघांच्या बसेस आणि प्रायोजकांचे मांडव उभे करायला सपाट जागा तिथेच मिळते. तरीही या माथ्यांपैकी एखादा कमी करून ल लिओराँसारखा आणखी एक टप्पा दिला असता, तर विंगेगोर आणि तिसरा दावेदार रेम्को एव्हेनपूल यांना निदान डाव टाकायला जागा राहिली असती.

मग तो राखून ठेवलेला रविवार उजाडला. मोनॅकोहून ला तुर्बीचा चढ, पुढे एझ, खाली समुद्र, आणि नीसमधला शेवट. मार्ग म्हणून एवढी देखणी टाइम ट्रायल मी पाहिलेली नाही. पण लेमाँ निघाला तेव्हा त्याला ५० सेकंद भरून काढायचे होते, आणि इथे विंगेगोर पाच मिनिटांहून मागे होता. पोगाचार तोही टप्पा जिंकला आणि अंतिम फरक ६ मिनिटे १७ सेकंदांवर थांबला.

या मार्गाला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन, आणि त्यातले दोन एकट्या पहिल्या अकरा दिवसांचे. ज्यांना तीन आठवडे देणे शक्य नाही, त्यांनी त्र्वाचा पूर्ण टप्पा आणि ल लिओराँचे शेवटचे ५० किलोमीटर पाहावेत, आणि पुय मारीनंतर ताट उचलायला उठू नये.