चिंतनवही : ऑनर्सच्या दोन सत्रांनंतरचा अनुभव

ऑनर्सच्या विद्यार्थ्याने नेहमीच्या अभ्यासाबरोबर स्वतःच्या शिकण्याचीही नोंद ठेवावी, अशी अपेक्षा अनेक विद्यापीठांत असते. कुठे तिला पोर्टफोलिओ म्हणतात, कुठे लर्निंग जर्नल. सत्राच्या अखेरीस तिच्यातील निवडक भाग मार्गदर्शकांपुढे ठेवायचा आणि त्याच्या आधारे आपली शैक्षणिक व वैयक्तिक वाढ कशी झाली हे मांडायचे, असे तिचे साधारण स्वरूप असते. मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि सलग दोन सत्रे अशी वही ठेवत आले आहे. माझे मत आरंभीच सांगते : ही वही फार मोलाची आहे, पण तिचा खरा उपयोग समाधान आणि भावना नोंदवण्यात कमी आणि स्वतःचे अंदाज नोंदवण्यात अधिक आहे. आपल्याला काय समजले आहे असे वाटते, ते किती खात्रीने वाटते आणि प्रत्यक्षात काय निघाले, या तीन गोष्टी तारखेसह लिहून ठेवल्या की वाढ म्हणजे नेमके काय हे डोळ्यांना दिसू लागते.

वहीसाठी बहुतेक ठिकाणी शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ साली मांडलेले चिंतनचक्र सुचवले जाते. घटनेचे वर्णन, त्या वेळच्या भावना, काय चांगले व काय वाईट झाले याचे मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढील कृतीची योजना, असे त्याचे सहा टप्पे आहेत. एखाद्या ठळक प्रसंगासाठी हे चक्र उत्तम चालते. सेमिनारमधील सादरीकरण, गटकार्यातील मतभेद, संशोधनात सहभागी झालेल्या व्यक्तीची पहिली मुलाखत, अशा प्रसंगांवर मी ते वापरले आणि प्रत्येक वेळी विश्लेषणाच्या टप्प्यावर असे काही हाती लागले, जे नुसते आठवून लागले नसते. मात्र ऑनर्समधील बहुतेक शिक्षण प्रसंगांच्या रूपात येत नाही. एखादी संकल्पना कित्येक आठवडे अर्धवट समजलेली असते, मग हळूहळू तिचा आकार बदलतो, आणि हा बदल कोणत्या दिवशी झाला हे सांगता येत नाही. अशा मंद बदलासाठी सहा टप्प्यांचा साचा अपुरा पडतो. येथे मला अमेरिकन तत्त्वज्ञ आणि शिक्षणविचारक जॉन ड्यूई यांचा विचार अधिक जवळचा वाटतो. १९१० साली त्यांनी चिंतनाचे मूळ संभ्रमात आणि शंकेत असल्याचे प्रतिपादन केले होते. म्हणून दुसऱ्या सत्रापासून मी नोंदीची सुरुवात ‘आज काय झाले’ याऐवजी ‘आज काय उलगडले नाही’ या प्रश्नाने करू लागले.

नोंद केव्हा लिहावी, हा भाग सूचनांमध्ये सहसा दुर्लक्षित राहतो. माझ्या अनुभवात मात्र सर्वाधिक फरक त्यानेच पडला. तास संपल्यावर लगेच लिहिलेल्या नोंदी आत्मविश्वासाने भरलेल्या असतात, कारण विषय अजून ताजा असतो आणि हा ताजेपणाच आपल्याला आकलन वाटतो. थॉमस नेल्सन आणि जॉन डनलॉस्की यांनी १९९१ साली शब्दांच्या जोड्या पाठ करणाऱ्यांकडून ‘हे मला पुढे आठवेल का’ याचे अंदाज घेतले, तेव्हा जोडी पाहिल्यावर लगेच केलेल्या अंदाजांपेक्षा काही वेळ मध्ये जाऊ देऊन केलेले अंदाज कितीतरी अधिक अचूक ठरले. त्यामुळे मी नोंद दुसऱ्या दिवशी लिहिते. पुस्तक व टिपणे मिटलेली असतात. प्रथम जे आठवते ते पूर्ण वाक्यांत लिहायचे, त्यापुढे खात्रीची पातळी लिहायची, आणि त्यानंतरच टिपणे उघडून पडताळायचे, एवढाच क्रम.

या क्रमाचा शैक्षणिक लाभ दुहेरी आहे, कारण आठवून लिहिणे हाच अभ्यासाचा एक प्रभावी प्रकार आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ सालच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार टप्प्यांत केवळ वाचला, तर काहींनी तो एका टप्प्यात वाचून पुढील तीन टप्प्यांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. याहून विचार करायला लावणारी बाब अशी की, आपल्याला पुढे चांगले आठवेल हा विश्वास वाचणाऱ्या गटातच जास्त होता. ऑनर्सला येणारा विद्यार्थी बहुधा भरपूर वाचणारा असतो, त्यामुळे हा धोका त्याला इतरांपेक्षा अधिक संभवतो असे मला वाटते. वहीतील खात्रीचा रकाना हा धोका उघडा करतो, आणि केवळ या एका कारणासाठीही मी ती कोणालाही सुचवेन.

प्रत्यक्ष वाढ कशी दिसते, याचे उदाहरण म्हणून संख्याशास्त्रातील पी-मूल्यावरच्या माझ्या नोंदी सांगता येतील. अगदी सुरुवातीच्या नोंदीत, बहुतेक नवशिके करतात तीच चूक मी केली आहे : पी-मूल्य ०.०३ आले म्हणजे शून्य परिकल्पना, म्हणजे कोणताही परिणाम नाही हे गृहीतक, खरी असण्याची शक्यता ३ टक्के. पुढच्या नोंदीत व्याख्या नीट आली आहे, म्हणजे शून्य परिकल्पना खरी मानली तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल मिळण्याची संभाव्यता. पण ती वाक्यरचना पाठ केलेली आहे हे वाचताक्षणी कळते, कारण तिच्यापुढे स्वतःचे एकही उदाहरण नाही. दुसऱ्या सत्रातील नोंद वेगळी आहे. तिथे एका शोधनिबंधातील निकाल वाचून मी परिणामाचा आकार किती, नमुना किती मोठा आणि इतर किती चाचण्या करून पाहिल्या असतील, असे प्रश्न लिहिले आहेत. त्याच सुमारास मानसशास्त्रातील १०० अभ्यासांच्या पुनरावृत्तीचा २०१५ सालचा अहवाल वाचनात आला होता. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांमध्ये संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय, म्हणजे पी-मूल्य ठरलेल्या मर्यादेखाली असलेले, निकाल होते, तर पुनरावृत्तीत हे प्रमाण ३६ टक्के राहिले. परीक्षेच्या दृष्टीने दुसरी नोंद पुरेशी होती आणि तिला पूर्ण गुण मिळाले असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या नोंदीतील अंतर मोजणारी कोणतीही गुणपत्रिका माझ्याकडे नाही. ते अंतर मला फक्त वहीत दिसले, आणि ते पाहून झालेला आनंद हा या दोन सत्रांतील माझा सर्वांत मोठा आनंद आहे.

वैयक्तिक वाढीबद्दल लिहिताना सावध राहावे लागते, कारण तिथे पुरावा कमी आणि मोह जास्त असतो. तरीही एका बाबतीत मी ठामपणे सांगू शकते. आपण इथे चुकून आलो आहोत, बाकीचे खरोखर हुशार आहेत आणि कधीतरी आपले पितळ उघडे पडेल, ही भावना ऑनर्सच्या वर्गात फार पसरलेली असते, आणि ती फारशी बोलून दाखवली जात नाही. पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स यांनी १९७८ साली यशस्वी स्त्रियांच्या संदर्भात या अनुभवाचे वर्णन केले. कर्तृत्वाचे स्पष्ट पुरावे समोर असूनही या स्त्रिया यशाचे श्रेय नशिबाला किंवा दुसऱ्यांच्या गैरसमजाला देत होत्या. या भावनेवर शाबासकीचा उपाय टिकत नाही, कारण शाबासकी देणाऱ्याचाच गैरसमज झाला आहे असे मानता येते. स्वतःच्या हस्ताक्षरातील जुनी नोंद मात्र अशी झटकता येत नाही. जो प्रश्न मला पूर्वी नीट विचारताही येत नव्हता तो आता मी विचारते आहे, हे कागदावर दिसत असताना नशिबाचे कारण पुढे करणे अवघड होते.

मसुद्यावरील कडक शेरे स्वीकारण्यातही वहीची मदत झाली. शेरे वाचल्यावर प्रथम मनात येईल ते सारे लिहून मोकळे व्हायचे आणि नंतर वेगळ्या पानावर शेऱ्यांतील केवळ मुद्दे उतरवायचे, ही पद्धत मी ठेवली. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात क्लेशदायक अनुभवांविषयी सलग चार दिवस दररोज १५ मिनिटे लिहिणाऱ्यांपैकी, वस्तुस्थिती आणि भावना दोन्ही मांडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आरोग्य केंद्रातील फेऱ्या पुढील महिन्यांत कमी झाल्या होत्या. मसुद्यावरच्या शेऱ्यांची त्या अनुभवांशी बरोबरी होणार नाही, पण भावना आणि मुद्दा वेगळे लिहिल्याने मुद्द्याकडे लवकर वळता येते, हे मी अनुभवले आहे.

आता उणीव. या वहीला गुण दिले जातात तेव्हा तिचे स्वरूप बिघडते, हे मला स्पष्ट सांगितले पाहिजे. वाढीवर गुण मिळणार असतील, तर सत्राचा आरंभ अंधारात आणि शेवट उजेडात दाखवणारा वृत्तान्त लिहिला जाणे स्वाभाविक आहे. माझ्या वर्गात असे वृत्तान्त अनेकांनी लिहिले आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. या संदर्भात फ्रँक एडलॉट यांची आठवण होते. ऑक्सफर्डमध्ये शिकून आलेले एडलॉट १९२१ साली अमेरिकेतील स्वार्थमोर कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि १९२२ पासून त्यांनी तेथे लहान सेमिनारांवर आधारलेली ऑनर्सची पद्धत सुरू केली. तिच्यात अंतिम परीक्षा बाहेरचे परीक्षक घेत, त्यामुळे शिकवणारा आणि शिकणारा एकाच बाजूला उभे राहत. चिंतनवहीलाही हीच रचना हवी असे माझे मत आहे. मार्गदर्शकांनी वही वाचावी, तिच्यावर प्रश्न विचारावेत, पण गुण दुसऱ्या कामावर आणि दुसऱ्या व्यक्तीने द्यावेत. असे होत नसेल तेथे विद्यार्थ्याने दोन भाग ठेवावेत, एक सादर करण्याचा आणि एक कोणालाही न दाखवण्याचा. मी तेच करते.

कागद की संगणक, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. आठवून लिहिण्याचा भाग मी कागदावर ठेवते, कारण तिथे उत्तर शोधण्याचा मोह होत नाही. मसुद्यांच्या जुन्या प्रती संगणकावर तारखेनुसार राहतात. ज्यांना रोज लिहिणे जमत नाही त्यांनी आठवड्यातून दोनदा लिहिले तरी चालेल, मात्र जुन्या नोंदी परत वाचण्याचा दिवस ठरलेला असावा. वाचल्याच न जाणाऱ्या नोंदींतून यातील जवळजवळ काहीच हाती लागत नाही.

पुढील सत्रात माझ्या लघुप्रबंधाचे काम सुरू होईल. मानसशास्त्रात आता परिकल्पना आणि विश्लेषणाची योजना माहिती गोळा करण्याआधीच नोंदवून ठेवण्याची प्रथा रुजू लागली आहे, आणि खात्रीच्या रकान्याची सवय झाल्यामुळे ती मला ओळखीची वाटते. मार्गदर्शकांशी बोलून मी असे ठरवले आहे की, प्रत्येक परिकल्पनेपुढे माझा अंदाज, त्यामागचे कारण आणि कोणता निकाल आल्यास मी तो अंदाज सोडून देईन, हे आधी वहीत लिहायचे आणि त्यावर त्यांची तारखेसह सही घ्यायची.