बार्सिलोनाच्या पोटातलं बार्किनो

प्लासा देल रेई चौकातल्या संग्रहालयात लिफ्टने खाली उतरलं की सुमारे 4000 चौरस मीटरची रोमन वस्ती, म्हणजे रोमनकाळातलं बार्सिलोना ऊर्फ बार्किनो, समोर येते. 1931 मध्ये कासा पादेयास हा वाडा दगड-दगड सुटा करून इथे आणला, तेव्हा पाया खणताना ती सापडली. धोबीखाना चुकवू नका, पण खरी मजा रंगाऱ्याच्या हौदांत (तळाशी निळी झाक अजून दिसते!) आणि गारमच्या कारखान्यात. गारम म्हणजे मिठात मुरवलेल्या मासळीचा रस. पुढे वाइनचे रांजण जमिनीत पुरलेत. रोमन भिंतींवरच नंतरचं बांधकाम चढल्याने गोंधळ उडतो, म्हणून ऑडिओ गाइड घ्याच. दीड तास हवाच. सोमवारी बंद, रविवारी दुपारी 3 नंतर मोफत, पण गर्दी फार.