फेरूल, २१४ नग

सुकवणीच्या एका भट्टीच्या हीटरसाठी मी नियंत्रण पॅनेल बनवून घेतले, आणि त्या कामात माझी जी फसवणूक झाली ती बोटाच्या पेरापेक्षाही लहान असलेल्या एका वस्तूच्या आडून झाली. पॅनेल, मोटार किंवा यंत्राची वायरिंग दुसऱ्याकडून करून घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून तो प्रकार येथे सविस्तर लिहीत आहे. यातील बराचसा दोष माझ्या अज्ञानाचा होता, आणि तो मी लपवणार नाही.

लवचिक वायरच्या आत एक तार नसून अनेक बारीक तारांचा जुडगा असतो. मी वापरलेल्या २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ०.३ मिलिमीटर जाडीच्या ३६ तारा होत्या आणि १.५ च्या वायरमध्ये त्याच जाडीच्या २२. हा जुडगा तसाच टर्मिनलमध्ये, म्हणजे वायर स्क्रूने आवळून जोडायच्या खाचेत, घालून स्क्रू आवळला, तर स्क्रूचे फिरते टोक तारांमध्ये घुसते, काही तारा तुटतात, काही बाजूला सरकून दाबाखालून निसटतात, आणि एखादी चुकार तार बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकते. हे टाळण्यासाठी तारांवर कलई केलेल्या तांब्याची पातळ नळी चढवतात आणि त्यासाठीच बनवलेल्या क्रिंपिंग हत्याराने ती चारही बाजूंनी अशी चेपतात की नळी आणि तारा मिळून एकच भरीव खुंटी तयार व्हावी. या नळीला फेरूल म्हणतात. तिच्या मागच्या तोंडाला बहुधा प्लॅस्टिकची रंगीत कॉलर असते आणि वायरचे इन्सुलेशन त्या कॉलरमध्ये शिरते.

मात्र पॅनेलच्या धंद्यात फेरूल हा शब्द आणखी एका वस्तूसाठी सर्रास वापरला जातो. वायरच्या टोकाशी ओळखीचा क्रमांक छापलेली जी प्लॅस्टिकची बारीक नळी चढवतात, तिलाही फेरूलच म्हणतात. पहिली वस्तू वीज वाहून नेते, दुसरी केवळ नाव सांगते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ मला तेव्हा ठाऊक नव्हते, आणि समोरच्या ठेकेदाराला ते पक्के ठाऊक होते.

कोटेशनमध्ये ‘वायरिंग फेरूलसह, दर टोकामागे आकारणी वेगळी’ एवढाच उल्लेख होता. मी तोंडी विचारले की फेरूल नीट चेपलेल्या असतील ना, तेव्हा त्याने पिशवीतून रॅचेटचे क्रिंपिंग हत्यार काढले. या हत्याराची चांगली गोष्ट अशी की पूर्ण दाब बसल्याशिवाय त्याचा जबडा उघडतच नाही. त्याने माझ्यासमोर दोन टोके तयार केली आणि वायर माझ्या हातात देऊन म्हणाला, ‘ओढून पाहा साहेब.’ मी जोर लावून ओढली, नळी जराही हलली नाही, आणि तेवढ्यावर माझे समाधान झाले. दोन नमुने पाहून सगळ्या मालाची खात्री मानणारा मी पहिलाच माणूस नसेन.

पॅनेल आले तेव्हा ते खरोखर देखणे होते. सरळ रांगेत निळ्या आणि लाल कॉलर, प्रत्येक वायरवर सुबक क्रमांक, ओळीने बसवलेली टर्मिनले. बिलात लिहिले होते, ‘फेरूल, २१४ नग’. मी टोके मोजली, ती २१४ भरली, आणि मी सही केली. एकदा टर्मिनलमध्ये बसलेल्या फेरूलची केवळ कॉलर दिसते. ज्या नळीवर सारे अवलंबून असते, ती स्क्रूखाली दडलेली असते.

पाचव्या महिन्यात भट्टी तापायला वेळ लागू लागला, आणि पॅनेलचे दार उघडले की तापलेल्या प्लॅस्टिकचा वास येऊ लागला. हीटरच्या एका फेजचे टर्मिनल तपकिरी पडले होते. एमसीबी, म्हणजे आपोआप वीज तोडणारा संरक्षक स्विच, मात्र एकदाही पडला नव्हता आणि त्याचेच मला आश्चर्य वाटले. नंतर कारण कळले. एमसीबी जास्त प्रवाहावर पडतो, आणि सैल सांध्यातून जाणारा प्रवाह वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. वाढतो तो त्या एका ठिकाणचा रोध. फेजवर १६ अँपिअर वाहत असताना सांध्याचा रोध केवळ ०.०५ ओहम झाला, तरी १६ गुणिले १६ गुणिले ०.०५ म्हणजे १२.८ वॅट उष्णता वाटाण्याएवढ्या जागेत सतत निर्माण होते. उष्णतेने धातू काळा पडतो, त्याने रोध आणखी वाढतो, आणि हे चक्र संरक्षणाच्या कोणत्याही नेहमीच्या उपकरणाला दिसत नाही.

पहिल्यांदा ज्या वायरमनला बोलावले त्याने स्क्रू पुन्हा आवळला आणि सल्ला दिला की टोकांना सोल्डरचा डाग देऊन घ्या, म्हणजे तारा सुटणार नाहीत. हा सल्ला मी मानला नाही, आणि ते बरे झाले. सोल्डर मऊ असते. स्क्रूच्या कायमच्या दाबाखाली ते हळूहळू सरकत जाते, आज घट्ट असलेला स्क्रू काही महिन्यांत सैल होतो, आणि वायर तापू लागली की ही गती वाढते. घरगुती उपकरणांच्या सुरक्षिततेचे आयईसी (विद्युत तंत्राची आंतरराष्ट्रीय मानक संस्था) ६०३३५-१ हे मानकही, जेथे टोकावर दाबाने संपर्क साधायचा असतो आणि सोल्डर सरकून तो बिघडण्याचा धोका असतो, तेथे तारा सोल्डरने एकत्र करण्यास मनाई करते. त्या वायरमनचा हेतू वाईट नव्हता, एवढे मात्र नोंदवतो.

दुसऱ्या दिवशी मुख्य स्विच बंद करून, त्याला कुलूप लावून आणि टेस्टरवर विसंबून न राहता मीटरने व्होल्टेज नसल्याची खात्री करून मी ते टर्मिनल स्वतः उघडण्यास घेतले. स्क्रूला हातही लावला नव्हता, सहज वायर धरली, आणि ती निघून माझ्या हातात आली. नळी टर्मिनलमध्येच राहिली.

ती नळी बाहेर काढून पाहिल्यावर पहिली गोष्ट दिसली ती पकडीच्या दातांची. क्रिंपिंग हत्याराने चेपलेली फेरूल चौकोनी, षट्कोनी किंवा समलंब आकाराची दिसते आणि तिच्यावर सारख्या अंतराने दाबाच्या खुणा असतात. ही फेरूल साध्या पकडीने एका बाजूने चपटी केलेली होती. चपट्या नळीच्या दोन्ही कडांना पोकळी राहते, तारा मधल्या भागात थोड्याशा दबतात, आणि भट्टी दिवसातून अनेक वेळा चालू-बंद होत असल्याने तापण्या-निवण्यात उरलेली पकडही सुटते.

मग सहज म्हणून नळीजवळ लोहचुंबक नेले आणि ती टचकन चिकटली. कलई केलेले तांबे लोहचुंबकाला चिकटत नाही. कानशीने घासल्यावर आत तांब्याचा लालसर रंग न दिसता करडे पोलाद दिसले. शुद्ध लोखंडाची रोधकता तांब्याच्या जवळजवळ सहापट असते आणि पोलादाची त्याहूनही अधिक; पण नळी आखूड असल्याने मला ते तितके घातक वाटत नाही. घातक हे आहे की पोलाद तांब्यासारखे मऊपणाने तारांच्या फटींत शिरत नाही, चेपले तरी थोडे मागे उसळते, आणि कलई निघाली की गंजते. एक सावधगिरी येथे सांगावीशी वाटते. चुंबकाला न चिकटणारी नळी तांब्याचीच असते असे नाही, कारण पितळ आणि ॲल्युमिनियमही चिकटत नाहीत. त्यामुळे एखाद्या सुट्या फेरूलवर कानस मारून आतला रंग पाहणे हीच घरच्या घरी करता येण्यासारखी खरी परीक्षा होय.

इथवरचा प्रकार निष्काळजीपणाचा म्हणून सोडून देता आला असता. नियंत्रणाच्या १.५ च्या वायरी तपासल्यावर मात्र हेतूबद्दल शंका उरली नाही. त्यांच्यावर लाल कॉलर होत्या. एक फेरूल ब्लेडने चिरून तारा मोजल्या तर पंधरा. इन्सुलेशन आणखी थोडे सोलून मोजल्या तर बावीस. सात तारा कॉलरच्या आत, नजरेआड, कापून टाकल्या होत्या. कारण व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे साधन, लावल्यावर कळले. नळीचे आतील तोंड १.४ मिलिमीटर होते. डीआयएन ४६२२८ या जर्मन मानकाच्या चौथ्या भागात, म्हणजे कॉलरवाल्या फेरूलच्या मानकात, १.४ मिलिमीटर हे माप १ चौरस मिलिमीटरच्या वायरसाठी आहे आणि १.५ साठी १.७ मिलिमीटर लागते. ठेकेदाराने एक माप लहान फेरूल आणल्या होत्या, त्यात वायर मावेना, तेव्हा फेरूल न बदलता वायरच छाटली.

याबद्दल विचारल्यावर त्याने माझ्यापुढे रंगांचा एक तक्ता टाकला, आणि त्यात लाल रंगापुढे १.५ असेच छापलेले होते. तक्ता खोटा नव्हता. फेरूलच्या रंगांच्या एकाहून अधिक पद्धती प्रचारात आहेत. डीआयएनच्या पद्धतीत १ ला लाल, १.५ ला काळा, २.५ ला निळा आणि ४ ला करडा रंग असतो. दुसऱ्या एका प्रचलित पद्धतीत १ ला पिवळा, १.५ ला लाल आणि ६ ला काळा असतो. त्याने माल एका पद्धतीचा वापरला आणि तक्ता दुसऱ्या पद्धतीचा दाखवला. ज्याने व्हर्नियर लावलेला नाही त्याला या उत्तरापुढे गप्पच बसावे लागेल. म्हणून रंगावर कधीही विसंबू नये. पाकिटावर छापलेले चौरस मिलिमीटरचे माप आणि नळीची लांबी पाहावी, आणि पाकीटच दाखवले जात नसेल तर तेवढ्यावरूनच काय ते समजावे.

पुढचे तीन दिवस मी सर्व २१४ टोके एकेक करून उघडली. त्यांतली अकरा योग्य मापाची, तांब्याची आणि हत्याराने चेपलेली निघाली. ती अकराही दार उघडल्यावर डोळ्यांच्या पातळीवर येणाऱ्या पहिल्या पट्टीवर होती. अडतीस टोकांवर फेरूल केवळ अडकवलेली होती, चेपलेलीच नव्हती. सहा ठिकाणी एका वायरच्या फेरूलमध्ये दोन वायरी कोंबल्या होत्या, वास्तविक दोन वायरींसाठी रुंद तोंडाची जोडफेरूल मिळते. उरलेल्या सगळ्या पकडीने चपट्या केलेल्या होत्या.

ठेकेदाराची उत्तरे पायरीपायरीने बदलत गेली. आधी तो म्हणाला की स्क्रू आवळला की फेरूल आपोआप दबते. स्क्रूचा दाब असतो हे खरे आहे, आणि म्हणूनच असे काम पहिले काही महिने चालते. पण तो दाब नळीला बाहेरून एका जागी बसतो, तारांना चहूबाजूंनी एकत्र बांधत नाही. मग त्याने मुलाने काम केल्याचे सांगितले. शेवटी, मी रक्कम परत मागितल्यावर, त्याने बिल पुढे करून शांतपणे विचारले, ‘फेरूल २१४ नग लिहिले आहे. नंबरच्या फेरूल २१४ आहेत की नाहीत, मोजून घ्या.’ त्या होत्या. छापील क्रमांकाची एकही नळी कमी नव्हती. तांब्याच्या फेरूल आपण ‘वरून, सद्भावनेने’ घातल्या होत्या, असे तो म्हणाला. ज्यांचा सल्ला घेतला त्यांनीही सांगितले की कागदावर या शब्दाचा कोणता अर्थ अभिप्रेत होता हे सिद्ध करणे माझ्या माथी येईल. मी तो नाद सोडला.

आता मी जी मागणी लिहून देतो तीत फेरूल हा शब्द एकटा येत नाही. ‘कलई केलेल्या तांब्याच्या, डीआयएन ४६२२८-४ प्रमाणे मापाच्या, रॅचेट हत्याराने चेपलेल्या एंड फेरूल’ असे लिहितो आणि क्रमांकाच्या नळ्यांची ओळ वेगळी ठेवतो. उरलेल्या फेरूलची पाकिटे पॅनेलसोबत परत मागतो. एकसंध तारेच्या वायरला फेरूल लागत नाही, आणि टर्मिनल बनवणाऱ्याने मोकळ्या तारा चालतील असे सांगितले असेल तर तेथेही तिचा आग्रह धरत नाही; सरसकट प्रत्येक टोकाला फेरूल सुचवून आकारणी वाढवणारेही भेटतात.

पॅनेल ताब्यात घेताना, वीज जोडण्यापूर्वी, काही टर्मिनले सोडवून टोके पाहतो. तारा नळीच्या पुढच्या तोंडापर्यंत पोचल्या आहेत का, इन्सुलेशन कॉलरच्या आत शिरले आहे का, आणि कॉलर व इन्सुलेशन यांच्यामध्ये उघडे तांबे दिसते का, हे तीन तपशील नुसत्या डोळ्यांनी दिसतात. नंतर वायरला वजन टांगतो. टर्मिनलमधून वायर सुटते का हे पाहण्याच्या आयईसीच्या चाचणीत १.५ साठी ४० न्यूटन आणि २.५ साठी ५० न्यूटन ओढ एक मिनिट, झटका न देता, लावतात. म्हणजे ढोबळमानाने चार आणि पाच किलो. फेरूल आणि वायर यांच्यातील सांध्यालाही मी तेच वजन लावतो. माझ्या जुन्या पॅनेलमधील चपट्या फेरूलपैकी एकही पाच किलोपर्यंत पोचली नव्हती. बहुतेक बोटांच्या ओढीनेच सुटल्या.

नव्याने वायरिंग करून देणाऱ्याने काम सुरू करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारले: रंग कोणत्या पद्धतीचे हवेत, आणि टर्मिनलची खोली किती आहे, म्हणजे ८ मिलिमीटरची नळी आणायची की १२ ची. काम झाल्यावर त्याने नमुना दाखवला नाही. वजनाचा डबा माझ्या हाती दिला आणि कोणती टोके सोडवायची ते मलाच निवडायला सांगितले. मी पहिली पट्टी सोडून सर्वांत खालच्या, मागच्या रांगेपासून सुरुवात केली.