उरासेन्केचा चहा-क्लास: वर्षभरानंतरचा अनुभव

ओसाकाला घराजवळच्या एका सेन्सेईंकडे (शिक्षकांकडे) उरासेन्केचा, म्हणजे जपानी चहा-विधीच्या एका घराण्याचा, क्लास लावून वर्ष होत आलं. कुठलं घराणं निवडायचं यावर फार डोकं लावू नका. उरासेन्के, ओमोतेसेन्के, मुशाकोजीसेन्के तिन्ही चहाचे थोर गुरू सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) यांच्याच परंपरेतली, तिघांचं मूळ क्योतोत. आमच्याकडे माच्चावर (हिरव्या चहाची पूड घुसळून केलेल्या चहावर) भरपूर फेस आणतात, ओमोतेवाले कमी. आमचा चासेन (चहा घुसळायची रवी) पांढऱ्या बांबूचा, त्यांचा धुरात काळपटलेल्या. नवशिक्याला काय फरक पडतो? सेन्सेईंचा स्वभाव आणि स्टेशनपासूनचं अंतर बघा.

नुसता चहा प्यायचा असेल तर मात्र जाऊच नका. सुरुवातीला कितीतरी दिवस फक्त फुकुसाची, म्हणजे कमरेला खोचायच्या रेशमी कापडाची, घडी चालते. वहीत लिहायचं नाही, हाताला कळलं पाहिजे म्हणे. चासेन गरम पाण्यात बुडवून वर उचलायचा, मनगट सावकाश फिरवत त्याची बारीक टोकं बघायची, एखादी काडी तुटलेली नाही ना, परत बुडवायचा, आणि हे सगळं चहा करायच्या आधी! मला आता यातच सगळ्यात मजा येते. जरा जमायला लागलं की नोव्हेंबर येतो, वरची शेगडी (फुरो) जाऊन जमिनीतली चूल (रो) उघडते, बसायचा कोन बदलतो आणि हात परत गोंधळतात.

पैशाचं आधीच विचारून घ्या. महिन्याची फी ठीक आहे पण वर परवान्यांचा खर्च असतो, आणि तो परवाना पास झाल्याचा नसून पुढचं शिकायच्या परवानगीचा, सेन्सेईंमार्फत इएमोतोंकडून, म्हणजे घराण्याच्या प्रमुखांकडून, येतो. मला हे कुणी धड सांगितलं नव्हतं, राग आला होता खरा.

गुडघे दुखत असतील तर र्‍यूरेई शिकवतात का विचारा, टेबल-स्टुलावरची पद्धत, १८७२च्या क्योतो प्रदर्शनासाठी अकराव्या इएमोतोंनी काढलेली. आपल्याला मांडीची सवय, तासभर वज्रासन म्हणजे पाय बधिर.

फुलांसाठी येणाऱ्यांनी इकेनोबो नाहीतर सोगेत्सु या पुष्परचनेच्या घराण्यांचा क्लास वेगळा लावावा. इथे तोकोनोमात (खोलीतल्या सजावटीच्या कोनाड्यात) हिवाळ्यात कॅमेलियाची एखादी कळी, बास, फुलं खोचायचं काटेरी केन्झान वगैरे काही नाही.

मी चालू ठेवणार आहे. मे महिन्यात परत फुरो येईल, तोवर ती पद्धत निम्मी विसरलेली असणार.