स्क्वॉल लाईन कशावर बघावी: गुळगुळीत नकाशा की एकाच रडारचं कच्चं चित्र?

ऑरोराला नुकत्याच राहायला आलेल्या एका मित्राचा फोन आला. दुपारी आयोवात वादळी ढगांची रांग, म्हणजे स्क्वॉल लाईन, उभी राहिली, की ती संध्याकाळी शिकागोच्या पश्चिम उपनगरांत पोचते, एवढं त्याला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं. प्रश्न असा होता, की ती बघायची कशावर? फोनमध्ये आधीपासून असलेलं हवामानाचं ॲप पुरेसं आहे, की आम्ही हौशी मंडळी वापरतो ते एकेका रडारचा कच्चा डेटा दाखवणारं, पैसे मोजून घ्यायचं ॲप घ्यावं?

मी दोन्ही वापरली आहेत आणि आजही दोन्ही फोनवर आहेत. किंमत, रंगसंगती, विजेट वगैरे तुम्ही दुकानात वाचालच. त्यात मी शिरत नाही.

आधी गुळगुळीत नकाशाबद्दल, म्हणजे अनेक रडारांची चित्रं जोडून, कडा घासूनपुसून केलेल्या अखंड चित्राबद्दल. दुपारच्या वेळी त्याला तोड नाही, हे मोकळेपणानं सांगतो. १० ऑगस्ट २०२० चा डेरेचो आठवा, म्हणजे अशा रांगेनं शेकडो मैल केलेली वाऱ्याची झोडपणी. सकाळी दक्षिण डकोटा आणि नेब्रास्काच्या सीमेपाशी जन्मलेली ती रांग दुपारी आयोवा झोडपून संध्याकाळच्या आत शिकागोत आली. सीडर रॅपिड्सच्या परिसरात वाऱ्याचा वेग ताशी १४० मैलांपर्यंत गेल्याचा अंदाज आहे. असं काही चालून येत असताना एका रडारचं चित्र अपुरं पडतं, कारण रांग तीन-तीन रडारांच्या टप्प्यात पसरलेली असते. जोडनकाशावर ती धनुष्यासारखी वाकलेली एका नजरेत दिसते. या आकाराला 'बो एको' हे नाव दिलं टेट्सुया फुजितांनी, इथल्याच शिकागो विद्यापीठात काम करताना. धनुष्य जिथं सर्वांत पुढे आलेलं असतं, तिथं सरळ वाऱ्याचा मार जास्त, हे नकाशाला दोन बोटांनी मोठं करूनही कळतं. मंडळाची सहल असेल, फॉरेस्ट प्रिझर्व्हच्या (इथल्या राखीव वनातल्या) मांडवात शंभर माणसं जमलेली असतील, आणि पुऱ्या तळायला घ्यायच्या की सामान गाडीत भरायचं एवढंच ठरवायचं असेल, तर याहून जास्त काही लागत नाही.

पण मित्राचा खरा प्रश्न टोर्नेडोचा होता, आणि तिथं गोष्ट बदलते.

आपल्या डोळ्यांपुढे टोर्नेडो म्हणजे ओक्लाहोमाच्या माळावर एकट्या ढगाखाली लोंबणारी सोंड. तो सुपरसेलचा, म्हणजे स्वतःभोवती फिरणाऱ्या एकट्या मोठ्या वादळी ढगाचा टोर्नेडो. त्याची तयारी रडारवर बऱ्याचदा आधी दिसते, आणि दिवसाउजेडी असेल तर डोळ्यांनाही. (आपल्याकडच्या बातम्यांत त्यालाही 'चक्रीवादळ' म्हणतात, त्यानं घोटाळा होतो. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं आणि त्याच्याबद्दल कित्येक दिवस आधी सांगता येतं. टोर्नेडो एखाद्या गल्लीतून निघून जातो.) इलिनॉयमध्ये आमच्या वाट्याला जे येतात त्यातले बरेचसे रांगेतून जन्मतात. रांगेचा एखादा तुकडा अचानक पुढे रेटला जातो, खालच्या थरातला वारा उंचीबरोबर झपाट्यानं वाढत आणि वळत असतो, आणि त्या पुढच्या कडेवर लहानसा भोवरा धरतो. तो काही मिनिटं जगतो. बहुतेक वेळा पावसात गुंडाळलेला असतो, आणि बरेचदा रात्रीचा असतो. डोळ्यांना तो दिसतच नाही. १५ जुलै २०२४ च्या संध्याकाळी अशी एकच रांग आमच्या भागावरून गेली आणि नॅशनल वेदर सर्व्हिसच्या (अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याच्या) शिकागो कार्यालयाच्या हद्दीत ३२ टोर्नेडो नोंदले गेले. बहुतेक कमजोर होते, पण ३२.

माझं पारडं मात्र त्याच्या तीन वर्षं आधी फिरलं होतं, २० जून २०२१ च्या रात्री.

रविवार होता, फादर्स डे. पोरं झोपली होती. आम्ही नेपरव्हिलच्या दक्षिण भागात राहतो. अकराच्या सुमारास मी स्वयंपाकघरात उभा राहून फोनवरचा गुळगुळीत नकाशा बघत होतो. लाल पट्टा ऑरोराच्या पलीकडे दिसत होता. बायकोला म्हटलं, "अजून दहा मिनिटं आहेत. पोरांना उठवायला नको एवढ्यात." आणि त्याच मिनिटाला भोंगा सुरू झाला. बाहेर पाऊस आडवा झाला होता. मेपलच्या फांद्या खिडकीच्या जाळीवर घासत होत्या, आणि दिवे दोनदा मिचकावले. पोरांना अंथरुणातून उचलून बेसमेंटमध्ये नेलं तेव्हा धाकटीच्या हातात उशी तशीच होती. टोर्नेडो आमच्यापासून थोड्या अंतरावरून गेला आणि पुढे वुडरिज, डॅरियनकडे सरकला. ईएफ-३, म्हणजे शून्य ते पाच या मोजपट्टीवर तिसरा. घरांची छपरं गेली, काही घरं पायापासून उखडली. आमच्या अंगणात दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी माळ्यावरचं गुलाबी इन्सुलेशन पसरलेलं होतं. ते उचलताना हात थरथरत होते, आणि डोक्यात एकच प्रश्न होता: माझ्या फोनवर तो पट्टा ऑरोराच्या पलीकडे का होता?

नंतर नीट बघितलं तेव्हा उत्तर सापडलं. त्या ॲपमध्ये 'आत्ता' म्हणून जे चित्र होतं, ते नऊ मिनिटं जुनं होतं. अनेक रडारांचा डेटा गोळा करा, जोडा, गुळगुळीत करा, फोनपर्यंत पाठवा, यात वेळ जातो, ते समजू शकतो. पण चित्राची खरी वेळ कुठंही ठळक लिहिलेली नव्हती. त्याहून वाईट म्हणजे जुनी चित्रं संपून 'पुढचा अंदाज' सुरू होतो तो सांधाच दिसत नव्हता. तेच रंग, तीच सफाई, आणि पट्टा लोण्यासारखा पुढे सरकत राहतो. रांग ताशी ५० मैलांनी येत असेल तर नऊ मिनिटांत ती साडेसात मैल पुढे येते. ऑरोरा आणि आमच्यामध्ये जवळजवळ तेवढंच अंतर. म्हणजे मी बघत होतो ते घडून गेलेलं होतं, आणि तेच खरं धरून बायकोला दहा मिनिटं आहेत म्हणून सांगत होतो. इतर सगळ्या गोष्टी मी माफ केल्या असत्या. ही एक केली नाही.

सगळीच ॲपं अशी असतात असं माझं म्हणणं नाही. काहींत वेळ बारीक अक्षरात असते, काहींचा उशीर कमी असतो. मी काही घड्याळ लावून सगळी तपासलेली नाहीत. पण त्या रात्रीनंतर मी एकेका रडारचं कच्चं चित्र दाखवणारं ॲप घेतलं. माझ्याकडे रडारस्कोप आहे. त्या जातीची इतरही आहेत. आता आकाश काळवंडलं की हात आपोआप तिकडेच जातो.

त्यात काय वेगळं? पहिली गोष्ट म्हणजे रडारनं चित्र कधी घेतलं ती वेळ पडद्यावर समोर असते. दुसरी, सर्वांत खालच्या अर्ध्या अंशाच्या कोनातलं चित्र. वादळी हवेत रडार साडेचार मिनिटांच्या आसपास एक पूर्ण फेरी करतं, पण मधेच पुन्हा खाली येऊन तो खालचा कोन जास्तीचा तपासतं, त्यामुळे तळचं चित्र दोनेक मिनिटांनी ताजं होत राहतं. तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वाऱ्याचा वेग, डॉप्लरचं चित्र. पावसाच्या चित्रात फक्त पाऊस कुठं आहे ते कळतं. वेगाच्या चित्रात हिरवा म्हणजे रडारकडे येणारा वारा आणि लाल म्हणजे दूर जाणारा. रांगेच्या पुढच्या कडेवर गडद हिरवा आणि गडद लाल ठिपका एकमेकांना खेटून दिसले, आणि पुढच्या फेरीतही ते तिथंच, थोडे पुढे सरकलेले पण तसेच खेटून राहिले, की जिना उतरायचा.

२० जूनच्या रात्रीचा डेटा मी नंतर उतरवून घेतला. नोआच्या (वेदर सर्व्हिस जिच्याखाली येते त्या सरकारी संस्थेच्या) संग्रहातून तो कुणालाही फुकट मिळतो. पावसाच्या चित्रात रांगेला एक बारीक वाकण आहे, इंग्रजी एस अक्षरासारखं, जे गुळगुळीत नकाशा पुसून टाकतो. वेगाच्या चित्रात नेपरव्हिलवर लाल-हिरवी जोडी आहे. आणि रडारला दिसणारे कण एकसारखे आहेत की नाहीत हे सांगणाऱ्या तिसऱ्या चित्रात त्याच जागी निळसर भोक पडलंय. पावसाचे थेंब एकसारखे असतात. तिथं जे होतं ते पाऊस नव्हतं, हवेत उडालेलं घरांचं सामान होतं. ते भोक मी बराच वेळ बघत बसलो होतो.

आता त्याच्या उणिवा, कारण त्या खऱ्या आहेत. एकेका रडारचं चित्र म्हणजे कुठलं रडार निवडायचं हेही तुम्हालाच कळायला हवं. आमचं नशीब असं, की रोमिओव्हिलचं रडार, केएलओटी, घरापासून डझनभर मैलांच्या आत आहे. तिथून निघालेला झोत आमच्या डोक्यावर जेमतेम दोनशे मीटर उंचीवर असतो. पण पृथ्वी गोल आहे आणि झोत सरळ जातो. शंभर किलोमीटरवर तोच झोत दीड किलोमीटर उंच गेलेला असतो, आणि रांगेतले भोवरे बऱ्याचदा त्याच्या खालीच घुमत असतात. म्हणजे तुम्ही दोन रडारांच्या मधल्या पट्ट्यात राहत असाल, तर वेगाचं चित्र स्वच्छ दिसेल आणि तरी खाली टोर्नेडो असू शकेल. रांग मिसिसिपीपाशी असताना डेव्हनपोर्टचं रडार बघायचं, डीकॅल्बच्या आसपास आली की रोमिओव्हिलचं, हा बदल हातात बसायला मला दोन उन्हाळे लागले. ओहेअर आणि मिडवे विमानतळांसाठी बसवलेली रडारंही ॲपमध्ये मिळतात. ती बारीक दाखवतात, पण त्यांची तरंगलांबी लहान, म्हणून मुसळधार पावसाच्या भिंतीपलीकडे ती आंधळी होतात. त्या बाजूला काही दिसत नाही याचा अर्थ काही नाही असा घेऊ नका.

दुसरी उणीव माणसाची. सुरुवातीला प्रत्येक हिरव्या-लाल ठिपक्यात टोर्नेडो दिसतो. जांभळा धुरळा दिसला की छातीत धस्स होतं, आणि नंतर कळतं की ते फक्त रडारला अंतराचा अंदाज न आलेलं क्षेत्र आहे. पहिल्या मे महिन्यात मी बायकोला तीन वेळा उगाच बेसमेंटमध्ये नेलं. म्हणून मित्राला सांगितलं: घेतलंस तर वेदर सर्व्हिसच्या स्कायवॉर्न प्रशिक्षणालाही (वादळ ओळखायला सामान्य लोकांना शिकवतात ते) जा. फुकट असतं, वसंतात असतं, दोनेक तासांचं. तिथं पुढे रेटला गेलेला तुकडा म्हणजे काय, रांगेतली खाच म्हणजे काय, हे चित्रांवरून दाखवतात. त्याशिवाय हे ॲप म्हणजे एक्स-रे हातात घेऊन बसण्यासारखं आहे.

आणि दोन्हींपैकी काहीही घेतलं तरी वेदर रेडिओ, म्हणजे सरकारी इशारा आला की आपोआप वाजणारा रेडिओ, घ्याच. यात तुलना नाही. रात्री अडीच वाजता तुम्ही कुठलंच ॲप बघत नसता. १६२.५५० मेगाहर्ट्झवर शिकागोचं केंद्र आहे, आणि रेडिओत आपल्या काउंटीचा (जिल्ह्याचा) आकडा भरला की फक्त तिथल्याच इशाऱ्याला तो ओरडतो. आमच्या गावाची गंमत अशी, की नेपरव्हिल दोन काउंट्यांत विभागलंय. मी ड्यूपेज आणि विल, दोन्हींचे आकडे भरले आहेत. काही वेळा जास्तीचा ओरडतो, ओरडू दे.

मग कुणी काय घ्यावं? पाऊस येणार का, सहल होणार का, विमान उशिरा सुटेल का, एवढंच पाहायचं असेल तर फोनमध्ये आहे ते ठेवा, मनापासून सांगतो. माझी बायको आजही तेच बघते, आणि दुपारी तीन वाजता आयोवाचं चित्र तिला माझ्याआधी कळलेलं असतं. तुम्ही कुठल्याही रडारपासून फार दूर राहत असाल, तरी कच्च्या चित्राचा फायदा अर्धा होतो. पण घरात लहान मुलं असतील, रात्री झाडं हलायला लागली की झोप उडत असेल, आणि शिकायला एखादा हंगाम द्यायची तयारी असेल, तर मी तरी कच्चंच घेईन. सोलापूरला वळवाआधी आजी अंगणात उभी राहून धूळ कुठून उठते ते बघायची आणि वाळवण आत घ्यायला सांगायची. तिला वेळेचा अंदाज लागायचा, कारण ती जे बघत होती ते त्या क्षणाचं होतं.

मित्रानं अजून ठरवलेलं नाही. त्याला एक काम दिलंय. पुढच्या साध्या पावसाच्या दिवशी, वादळाच्या नव्हे, दोन्ही चित्रं शेजारी उघडायची आणि ड्राइव्हवेवर पहिला थेंब पडेल त्या मिनिटाला घड्याळ बघायचं. मग प्रत्येक चित्रात पाऊस त्याच्या घरापासून किती मैल मागं आहे ते मोजायचं. मे महिन्यापर्यंत आकडा कळवतो म्हणालाय.