350 चे 383: टर्बोविना स्ट्रोकर इंजिनाचा वापरानंतरचा अनुभव

माझ्या 1972 सालच्या शेवरले सी-10 पिकअपमधील 350 घनइंचांच्या व्ही-8 इंजिनाचे 383 घनइंचांचे स्ट्रोकर इंजिन (पिस्टनचे वर-खाली जाण्याचे अंतर, म्हणजे स्ट्रोक, वाढवलेले इंजिन) करून घेतल्यानंतर टेक्सासमधला एक पूर्ण उन्हाळा आणि त्यापुढचा हिवाळा गाडी नियमित चालवली आहे. टर्बो किंवा सुपरचार्जर लावलेला नाही. वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा आत जाईल तेवढ्यावरच हे इंजिन चालते. अशा बांधणीची चर्चा बहुधा क्रँकशाफ्टपाशी (पिस्टनच्या हालचालीचे फिरण्यात रूपांतर करणारा दंड, थोडक्यात क्रँक) सुरू होऊन तिथेच थांबते, आणि माझ्या मते क्रँकशाफ्ट हाच त्यातला सर्वांत सोपा निर्णय आहे.

मूळ 350 चा बोअर (सिलिंडरचा व्यास) 101.6 मिलिमीटर आणि स्ट्रोक 88.4 मिलिमीटर असतो. बोअर सुमारे पाऊण मिलिमीटरने वाढवून 95.25 मिलिमीटर स्ट्रोकचा क्रँक बसवला की क्षमता 383 घनइंच, म्हणजे सुमारे 6.3 लिटर होते. हा स्ट्रोक शेवरलेच्या 1970 मध्ये आलेल्या 400 घनइंची इंजिनाचा आहे. पूर्वी त्याच इंजिनाचा क्रँक आणून त्याचे मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) 2.65 इंचांवरून 2.45 इंचांवर घासून घेत असत. आता 350 च्या मापाचे नवे क्रँक तयार मिळतात. 400 चा ब्लॉकच (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य ओतीव भाग) मी घेतला नाही, कारण त्यातील सिलिंडर एकमेकांना जोडून ओतलेले असतात, दोन सिलिंडरांच्या मधून पाणी फिरत नाही, आणि इथल्या उन्हाळ्यात ती चिंता मला नको होती.

कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा दांडा) 5.7 इंचांचा घ्यावा की 6 इंचांचा, यावर फार वाद होतात. लांब रॉड घेतला की पिस्टनची पिन वर सरकते आणि काही पिस्टनमध्ये ती ऑइल रिंगच्या (सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल पुसणाऱ्या कड्याच्या) खाचेत शिरते. त्याच्या बदल्यात पिस्टन हलका होतो आणि क्रँकचे बॅलन्सिंग सोपे जाते. मिनिटाला 5500 फेऱ्यांच्या पुढे न जाणाऱ्या पिकअपसाठी मी 5.7 इंची रॉड निवडले आणि आजवर ऑइल जळण्याचा त्रास झालेला नाही. सुटे भाग विकणाऱ्याने पूर्ण संच बॅलन्स केलेला असल्याचे सांगितले होते, परंतु मशीन शॉपमध्ये तपासल्यावर तो तसा निघाला नाही आणि काम पुन्हा करून घ्यावे लागले. त्यामुळे संच कुठूनही घेतला तरी तपासणीचा खर्च गृहीत धरावा.

वाढीव स्ट्रोकमुळे रॉडचे बोल्ट ब्लॉकच्या खालच्या कडेला आणि कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दंडाच्या) लोबला, म्हणजे उंचवट्याला, भिडू शकतात. ब्लॉकची कड थोडी घासून घ्यावी लागली. कॅमशी असलेले अंतर तपासताना दीड मिलिमीटर जाडीची तार वाकवून ती बोल्ट आणि लोब यांच्या मधून सरकवत क्रँक हाताने सावकाश दोन पूर्ण फेऱ्या फिरवला, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. प्रत्येक रॉडसाठी हे करणे कंटाळवाणे आहे, तरी ते टाळू नये.

पिस्टनच्या निवडीत मी सर्वाधिक वेळ घालवला. स्ट्रोक वाढला की हेड (सिलिंडरांवरचे झाकण) तेच ठेवूनही कॉम्प्रेशन (पिस्टन खाली असतानाच्या आणि वर असतानाच्या जागेचे गुणोत्तर) वाढते, हे पुष्कळदा लक्षात घेतले जात नाही. माझ्या ॲल्युमिनियम हेडचे ज्वलनकक्ष 64 घनसेंटिमीटरचे आहेत, आणि गॅस्केट व पिस्टनच्या वर उरलेली फट मिळून आणखी साडेनऊ घनसेंटिमीटर होतात. सपाट पिस्टनमधील व्हॉल्व्हच्या खाचा 5 घनसेंटिमीटरच्या धरल्या, तर एवढ्याच बोअरमध्ये 350 च्या स्ट्रोकवर कॉम्प्रेशन 10.3 येते, 383 च्या स्ट्रोकवर तेच 11 होते. म्हणून 12 घनसेंटिमीटर खोलगट पिस्टन घेतले आणि कॉम्प्रेशन 10.2 वर ठेवले. मात्र हेडच्या सपाट भागासमोरचा पिस्टनचा भागही सपाट राहील अशाच आकाराचा खोलगा निवडला, कारण तिथली फट मिलिमीटरभर असेल तर मिश्रण जोरात ढवळले जाते आणि ठोक्याचा (मिश्रण आपोआप पेटण्याचा) धोका कमी होतो. भर उन्हाळ्यात, मागे भरलेला ट्रेलर असताना, 93 ऑक्टेनवर एकदाही ठोका ऐकू आला नाही. भारतातील वाचकांसाठी सांगतो, अमेरिकेतील पंपावरचा आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात. इथले 93 हे आपल्याकडच्या सुमारे 97-98 ऑक्टेनच्या बरोबरीचे आहे.

हवेचे गणितही आधीच करावे. 383 घनइंचांचे इंजिन 5500 फेऱ्यांवर पूर्ण भरले तरी मिनिटाला सुमारे 610 घनफूट हवा घेते, म्हणून मिनिटाला 650 घनफुटांचा कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) पुरतो. इनटेक मॅनिफोल्ड (मिश्रण सिलिंडरांपर्यंत नेणाऱ्या वाटा) मी ड्युअल प्लेन, म्हणजे खालच्या फेऱ्यांना सोयीचा, घेतला आणि कॅम 0.050 इंच लिफ्टवर 218 व 224 अंशांचा (व्हॉल्व्ह उघडे राहण्याचा काळ, क्रँकच्या अंशांत), लोबमधील कोन 112 अंश. अनेकांनी याहून मोठा कॅम सुचवला होता. परंतु मोठा कॅम ताकद वरच्या फेऱ्यांकडे नेतो, आणि लांब स्ट्रोकमध्ये पिस्टनचा वेग तिथे आधीच जास्त असतो. 6000 फेऱ्यांवर तो सरासरी सेकंदाला 19 मीटर होतो, जिथे 350 मध्ये तो 17.7 असतो. ज्या खालच्या टॉर्कसाठी एवढा खर्च केला तोच घालवण्यात मला अर्थ दिसला नाही. आज सिग्नलला गाडी स्थिर उभी राहते, पॉवर ब्रेकला पुरेसा व्हॅक्यूम मिळतो आणि चढावर गिअर बदलावा लागत नाही. या टॉर्कमुळेच मागच्या ॲक्सलचे 3.07 गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीला ॲक्सलकडे येणाऱ्या 3.07 फेऱ्या) कायम ठेवता आले, आणि ओव्हरड्राइव्ह (इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवणारा वरचा गिअर) नसतानाही ताशी 65 मैलांवर इंजिन 2400 फेऱ्यांच्या आसपास राहते. हा फायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

जुन्या ब्लॉकमध्ये रोलर कॅम (ज्यावर लिफ्टरची चाके फिरतात) बसवायचा तर जोडपट्टीचे लिफ्टर (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारे भाग) लागतात, शिवाय कॅम पुढे सरकू नये म्हणून बटण लावावे लागते. हा खर्च बराच झाला, तरी साध्या लिफ्टरचे लोब सुरुवातीच्या अर्ध्या तासातच खराब होण्याची भीती उरली नाही. पहिल्या ऑइल बदलाच्या वेळी फिल्टर कापून त्याची कागदी घडी उजेडात पसरून पाहिली. बारीक करडा गाळ होता, धातूची कपची एकही नव्हती.

त्रास एकच राहिला आहे. उन्हात गाडी बंद करून वीसेक मिनिटांनी सुरू केली, की कार्ब्युरेटरमधील इथेनॉलमिश्रित पेट्रोल उकळलेले असते आणि स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो. खाली उष्णतारोधक स्पेसर टाकल्यावर हे निम्म्याने कमी झाले. आता पेट्रोलची परतीची नळी टाकण्याचे काम घेतले आहे.