वेबसाइट आमची, सातबारा त्याच्या नावावर

आमची वेबसाइट करून देणाऱ्या माणसाच्या बिलात पाच ओळी होत्या. सीएमएस लायसन्स ९,०००, डेटाबेस सर्व्हर २,५००, एसएसएल ३,०००, इन्स्टॉलेशन ४,०००, डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) ५,०००. एकूण २३,५०० रुपये, आणि तेही दरवर्षी. पहिली ओळ निव्वळ थाप. दुसरी-तिसरी तिच्याच बहिणी. चौथं काम एकदाच होतं, त्याचे पैसे दरसाल लावलेले. पण आम्हाला खरं बुडवलं ते पाचव्या ओळीने, जी सगळ्यात सरळ दिसत होती. आमच्याच पेठेतल्या आणखी एका दुकानदाराकडे याच माणसाचं असंच बिल निघालं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमचं सांगलीत हळद, मसाले आणि बेदाण्याचं दुकान. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक फोनवर 'तुमची वेबसाइट आहे का' असं विचारायला लागलं. सासऱ्यांच्या ओळखीतून एक जण आला, बोलायला एकदम गोड. "वहिनी, तुम्ही फक्त फोटो द्या, बाकीचं करतो की मी!" पैसे त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर गेले, बिलावर जीएसटी नंबर नव्हता. साइट मात्र लवकर उभी राहिली आणि दिसायलाही छान होती, ते नाकारत नाही.

आता लायसन्सचं. साइट होती वर्डप्रेसवर. साइट बनवायचं आणि चालवायचं हे सॉफ्टवेअर, बिलातलं सीएमएस ते हेच. वर्डप्रेस २००३ पासून आहे, मुक्त परवान्याखाली येतं, कुणीही उतरवून घ्यावं आणि वापरावं. त्याची वार्षिक लायसन्स फी नावाची गोष्टच अस्तित्वात नाही. डेटाबेस, म्हणजे साइटचा मजकूर नि नोंदी साठवायची जागा, म्हणाल तर साध्या शेअर्ड होस्टिंगच्या पैशातच मायएसक्यूएल नावाचा डेटाबेस मिळतो. एसएसएल, म्हणजे पत्त्याशेजारी दिसणारं ते कुलूप, लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून २०१५ च्या अखेरीपासून फुकट मिळतं आणि बहुतेक होस्टिंगवाले ते आपणहून बसवून देतात. कुणी साइट नीट मांडून दिली, मजकूर भरला, फोटो कापून-छाटून लावले, तर त्या मेहनतीचे पैसे जरूर द्यावेत. पण ते 'मेहनताना' म्हणून मागावेत. फुकटच्या वस्तूला नसलेल्या परवान्याचं नाव कशाला?

पुढच्या वर्षी त्याने नूतनीकरणात 'व्हर्जन अपग्रेड' म्हणून आणखी ६,००० घातले. वर्डप्रेसचं अपग्रेडही फुकटच असतं, एक बटण दाबायचं काम. त्याच सुमारास कोल्हापूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "ताई, गूगलवर तुमच्या नावाखाली जपानी अक्षरं का दिसतायत?" मी साइट उघडून पाहिली तर सगळं जागच्या जागी. गूगलवर शोधलं तेव्हा कळलं. आमच्या पत्त्याखाली बुटांच्या नि घड्याळांच्या जाहिराती, सगळ्या जपानीत. हा प्रकार कुप्रसिद्ध आहे. घुसखोर गूगलला एक पान दाखवतो आणि आपल्याला दुसरं, म्हणून मालकाला पत्ताच लागत नाही. तुमचीही साइट असेल तर गूगलमध्ये इंग्रजीत साइट, पुढे कोलन, आणि जागा न सोडता तुमचा पत्ता असं टाकून बघा. आपण कधी न लिहिलेली पानं यादीत निघाली तर समजा कुणीतरी आत शिरलंय. आमच्या साइटवाल्याने 'व्हायरस काढायचे' १२,००० सांगितले.

पुण्यात आयटीत असलेला आमचा भाचा तेव्हा घरी आला होता. मी लॉगिन करून दिलं, तर त्याचा पहिला प्रश्न, "मामी, डावीकडे प्लगइन्स कुठंयत? सेटिंग्ज कुठंय?" प्लगइन्स म्हणजे साइटला जोडायच्या जादा सुविधा. नव्हतंच ते काही. मला पोस्ट लिहिता यायची, फोटो टाकता यायचे, बस्स. वर्डप्रेसमध्ये भूमिका ठरवलेल्या असतात, सगळ्यात वर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, त्याखाली एडिटर. पैसे भरणाऱ्या मालकिणीला खालची पायरी दिली होती आणि वरची स्वतःकडे ठेवली होती.

मग भाच्याने डोमेनची हूइज नोंद, म्हणजे डोमेन कुणाच्या नावावर आहे ते सांगणारी नोंद, काढली. .इन डोमेनची नोंद निक्सी या संस्थेच्या रजिस्ट्रीत असते आणि ती कुणालाही ऑनलाइन बघता येते. नोंदणीदार संस्थेच्या जागी आमच्या दुकानाचं नाव नव्हतं, त्याच्या फर्मचं होतं. वेबसाइटच्या धंद्यात डोमेनची नोंद म्हणजे सातबारा. घर तुम्ही बांधा, रंग द्या, जमीन तिसऱ्याच्याच नावावर.

डोमेन आमच्या नावावर करून द्या म्हटल्यावर सूर बदलला. डोमेन दुसरीकडे हलवायला ऑथ कोड नावाचा एक गुप्त कोड लागतो, तो रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, खात्यातून निघतो आणि खातं त्याचं. कोडचे ४०,००० मागितले. "वहिनी, हा तर बिझनेस आहे." वकिलांना विचारलं. .इन नावांच्या वादासाठी निक्सीचं लवादाचं धोरण आहे, पण आमचा ट्रेडमार्क नोंदवलेला नाही आणि खर्च नावाच्या किमतीबाहेर जाईल, असं त्यांचं मत पडलं. नोटीस मात्र त्यांनी चांगली लिहिली. बिलातला 'लायसन्स' शब्द पकडून विचारलं, कुणाचं लायसन्स, त्याची पावती दाखवा.

नोटिशीनंतर ईमेलवर एक झिप आली, 'फुल बॅकअप' नावाची. ती उघडण्याआधी भाचा म्हणाला, यात एसक्यूएल फाइल, म्हणजे डेटाबेसची प्रत, नसणार बघा. नव्हतीच. वर्डप्रेसचे दोन भाग असतात. फोटो, थीम (साइटचं रूप ठरवणारा साचा), प्लगइन्स हे फायलींत असतं. मजकूर, वस्तूंचे भाव, आलेल्या ऑर्डरी, गिऱ्हाइकांचे पत्ते हे सगळं डेटाबेसमध्ये. त्याने फक्त फायली दिल्या होत्या. हळदीचे फोटो परत आले, हळद मागवणाऱ्यांची नावं गेली. जपानी अक्षरांचं मूळही त्याच झिपमध्ये सापडलं. थीम विकत घेतलेली नव्हती, कुलूप तोडून वाटतात तसली चोरटी प्रत होती. तिच्या एका फाइलमध्ये वरच्या ओळी नेहमीच्या, आणि खाली अर्थ न लागणाऱ्या अक्षरांची एकच लांबलचक ओळ, पडद्याच्या उजव्या कडेबाहेर पळणारी. दार त्याने आणलेल्या मालातच होतं, आणि ते बंद करायचे १२,००० तोच मागत होता.

नवीन डोमेन आम्ही दुकानाच्या नावावर, माझ्या ईमेलवर, दुकानाच्या कार्डाने घेतलं. होस्टिंगही तसंच. भाच्याने माउस माझ्या हातात दिला. सीपॅनल, म्हणजे होस्टिंग सांभाळायचं पान, उघडलं, तिथे सॉफ्टॅक्युलस हे साइट बसवून देणारं साधन, त्यात वर्डप्रेसचं चिन्ह. डोमेन निवडायचं. डिरेक्टरीच्या चौकटीत आधीच डब्ल्यूपी लिहिलेलं असलं तर ते खोडायचं, नाहीतर साइट मूळ पत्त्यावर उघडत नाही, पुढे ती अक्षरं जोडावी लागतात. वापरकर्त्याचं नाव 'अ‍ॅडमिन' ठेवायचं नाही, ते घुसखोर आधी टाकून बघतात. पासवर्ड लांब, ईमेल आपला. इन्स्टॉल दाबलं, निळी पट्टी सरकत गेली, डेटाबेससुद्धा त्यानेच तयार केला. चहा गाळून येईपर्यंत साइट उभी. चार हजार रुपये दरसाल ज्याचे लावले होते ते काम एवढंच.

कुणाकडून साइट करून घेणार असाल तर पैसे देण्याआधी रजिस्ट्रारचं खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा आणि तो ईमेल आपल्याच मोबाइल नंबरला जोडा. सीपॅनलचा पासवर्ड मागा. वर्डप्रेसमध्ये स्वतःला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करून घ्या आणि डावीकडे प्लगइन्स दिसतंय ना ते समोर बसवून तपासा. थीम विकतची असेल तर तिची पावती तुमच्या नावाने हवी. बॅकअप देतो म्हणाला तर त्यात एसक्यूएलची फाइल आहे का ते बघा. 'ते सगळं टेक्निकल आहे वहिनी' असं उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा, सांगलीत तशी कमी नाही.

आमची एक अडचण अजून सुटलेली नाही. हळदीच्या पाकिटांवर जुन्या पत्त्याचा क्यूआर कोड छापलेला होता आणि त्यातला बराच माल विकला गेला आहे. गोदामातल्या पाकिटांवर नवीन स्टिकर चिकटवले, पण लोकांच्या स्वयंपाकघरातल्या पाकिटांचं काय करणार? जुना पत्ता आता भलत्याच जाहिरातींच्या पानावर जातो. तेव्हा पिवळ्या पाकिटावर स्टिकर नसेल तर कोड स्कॅन करून कुठेही पैसे भरू नका, पाकिटाच्या मागे दुकानाचा फोन नंबर आहे, त्यावर ऑर्डर द्या.